शकुमावशीचे कान आणि सहा वॅटचा डबा

शिरड शहापूरच्या शकुमावशीला डोळ्यांनी दिसत नाही, हे मला पहिल्या भेटीत कळलंच नव्हतं. आता हसा. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, सर्किटवरचा केसाएवढा तडा मला दिसतो, अन् समोरच्या बाईला दिसत नाही ते दिसलं नाही. पण चूक माझी एकट्याची नव्हती. मी गाडी लावून दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच आतून आवाज आला, "वैजाचा दोस्त व्हय? गाडीची चैन ढिली झाली की रे तुझ्या." मी मागं जाऊन चैन पाहिली. खरंच ढिली होती. असल्या बाईला दिसत नाही, असं कोणाच्या मनात येईल?

मी जगन. औंढ्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. माणूस मी तापट, हे आधीच सांगून टाकतो. कीबोर्डवर चहा सांडायचा अन् वर "आपोआप बंद पडला" म्हणायचं, असल्या गिऱ्हाइकाशी माझं भांडण ठरलेलं. कॅबिनेटवर टॉवेल टाकून वर देव बसवणाऱ्यांशी दोन भांडणं. वैजनाथ माझा शाळेतला सोबती, म्हणून त्याचं तेवढं ऐकून घेतो. शकुमावशी त्याची माय.

त्यांच्या रानात दोन एकर तुती आहे अन् घराला लागूनच रेशमाच्या अळ्यांची लांब शेड. आत लोखंडी मांडण्या, त्यांवर तुतीच्या फांद्या अंथरलेल्या आणि फांद्यांवर हजारो पांढऱ्या अळ्या. खायचं अन् झोपायचं, एवढाच त्या अळीचा संसार. चार वेळा ती झोपते, दर झोपेत कात टाकते. झोपली की तोंडाला पानसुद्धा लावत नाही. चौथ्या झोपेतून उठली की मात्र आठवडाभर अशी खाते की पाला आणणाऱ्याची कंबर मोडते, आणि मग कोष विणायला चढते.

तुती लावली मावशीच्या मालकांनी, तातेरावमामांनी, अळ्या वाढवल्या मावशीनं. मामा गेले. त्यानंतर काचबिंदूनं मावशीचे डोळे हळूहळू विझवले. वैजाला वाटलं, आता मायचं काम सरलं, आता तिनं बसून खावं. दुसऱ्या दिवशी मावशीनं आपली बाज उचलायला लावली आणि शेडच्या मधोमध, दोन मांडण्यांच्या बोळीत टाकली.

"दिसत न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, "ऐकू तर येतं."

अन् तिथून पुढची पाच वर्षं तिनं ती शेड कानांनी चालवली. अळ्या खायला लागल्या की आवाज येतो, हे मला तिनंच सांगितलं. पावसाची झिरमिर येते म्हणे. टिनावर पडणारी नव्हे, उभ्या तुरीवर पडणारी. पाला सरत आला की ती झिरमिर पातळ होते. अळ्या निजायला लागल्या की एकेक कोपरा गप होत जातो, आधी उत्तरेचा, मग दाराकडचा. मावशी बाजेवर पडल्या पडल्या सांगायची, "वैजा, तिसऱ्या मांडणीवर पाला टाक," अन् वैजा टाकायचा. "आता बंद," म्हणली की बंद. प्रशिक्षणाला जाऊन आलेला, भिंतीवर तक्ते लावलेला पोरगा, पण विचारायचा मायलाच.

मी एकदा दुपारचा तिच्या बाजेशेजारी पोत्यावर टेकलो होतो. जाळीतून येणारा उजेड पाल्यावरून हिरवा होऊन खाली सांडत होता. ओल्या तुतीचा वास, जरासा चुन्याचा वास, अन् चहूकडून ती बारीक झिरमिर. डोळे कधी मिटले कळलंच नाही. मी कुठं होतो, औंढ्याला होतो का शाळेच्या मागच्या ओढ्यात पाय सोडून बसलो होतो, देव जाणे. जागा झालो तेव्हा मावशी माझ्याशीच बोलत होती, मी झोपलो होतो हे तिला माहीत असूनही.

"सपनात मला दिसतं बरं का," ती म्हणत होती. "समदं दिसतं. मामा दिसतात, तुती दिसती, अळ्या पानाच्या कडंनं खाताना दिसतात. पर आवाज न्हाई. मामाचं तोंड हलतं अन् मला काय बी ऐकू येत न्हाई. म्हनून मला सपान आवडत न्हाई बघ. जागी झाली की आधी कान देते. खाऊन राहिल्या का? राहिल्या. मग बरं वाटतं."

आता त्या कॉम्प्युटरचं सांगतो, कारण घाण मीच केलेली. दोन वर्षांपूर्वी वैजाला शेडमधे उष्णता अन् ओल मोजणारी यंत्रं बसवायची होती. कूलर कधी लावायचा, हीटर कधी, हे कॉम्प्युटरनं ठरवायचं, म्हणजे तो रात्रंदिवस चालू राहणार. वर वैजाची बायको कोमल बी.कॉम. झालेली, ती त्याच मशीनवर गावातल्या लोकांचे पीक विम्याचे अन् कशाकशाचे फॉर्म भरणार. मी म्हटलं, करू की दणकट. एका हापिसातून निघालेलं मशीन आणलं, पासष्ट वॅटचा प्रोसेसर. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. डोकं चाललं की तापतं आणि तापलं की त्याला वारा घालायला पंखा लागतो. शेडच्या टोकाला अर्ध्या भिंतीची एक खोली आहे, तिथं तो ठेवला. पहिलं वर्ष बरं गेलं. मग अळ्यांवर भुरभुरतात तो चुना त्या पंख्यात जाऊन बसायला लागला.

दिवाळीच्या आधी वैजाचा फोन आला. "जगन्या, तुझं मशीन बोंबलून राहिलं. मायला काही ऐकू येईना."

मी गेलो तेव्हा अळ्या खाणं सोडून कोषावर चढलेल्या होत्या, त्यामुळे ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण काय घडलं ते कोमलनं बाहेरच मला हळू आवाजात सांगितलं. त्या बॅचला मावशी एक दिवस "पाला हाय अजून" म्हणत राहिली, अन् वैजानं जाऊन पाहिलं तर फांद्या तीन तासांपासून उघड्या पडलेल्या, अळ्या उपाशी माना हलवत होत्या. वैजा मायला एक शब्द बोलला नाही. मावशीच म्हणाली, त्या पंख्याच्या घुंघुंनं ऐकू येईना.

मी पंखा काढून साफ केला. अर्धी मूठ चुना निघाला. मी तिथंच वैजावर डाफरलो, कोमलवर डाफरलो, मशीन म्हणजे काय चुन्याची घाणी आहे का म्हटलं. मग ती दोघं कोष पाहायला गेली, तसं मावशीनं मला हातानं जवळ बोलावलं.

"जगन, खरं सांग. पंखाच हाय ना रे? का माझे कान बी चालले?"

मी पंख्याचा स्क्रू आवळायला लागलो.

"डोळे गेले तवा म्या रडले न्हाई," ती म्हणाली. "म्हटलं, कान हायेत. आता कान गेले तर वैजा मला काही म्हनायचा न्हाई, सून बी गुणाची हाय, ती बी न्हाई. ताट वाढतील, बाज उचलून वसरीत टाकतील. म्या तिथं बसून काय करू? माशा हाकू? अन् लोकाचं तर ठरलेलंच. म्हातारीला नाचता येईना अन् अंगण वाकडं."

"पंखाच हाय मावशी," मी म्हटलं. "शंभर टक्के."

का म्हटलं? मी यंत्राचा मिस्तरी, कानाचा डॉक्टर नव्हे. पण गिऱ्हाइकानं विचारलं की शंभर टक्के म्हणायची आम्हा लोकांना खोड असते. अन् खरं सांगू का, ती ज्या तोंडानं विचारत होती, त्या तोंडाला दुसरं उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती.

"मग असं मशीन दे," ती म्हणाली, "ज्याचा आवाजच न्हाई."

झालं, मी कामाला लागलो. शेड धुवायला रिकामी होती, पुढची बॅच यायला अवकाश होता. आधी मी मोठ्या पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा बसवला. मावशीनं कान दिला अन् म्हणाली, "घुंची हूं झाली." मग मी रागानं पंखाच काढून टाकला. वीस मिनिटं मशीन मुकं चाललं. मी मिशीवर ताव देऊन चहा मागवला, अन् चहा यायच्या आधी मशीन तापून धाडकन बंद पडलं. कोमल भिकाबाई नावाच्या एका आजीचा फॉर्म भरत होती, तो अर्ध्यात गेला. भिकाबाई घरून परत आधार कार्ड घेऊन आली ते मला शिव्या देतच.

दुकानात येऊन मी हिशेब मांडून बसलो. प्रत्येक प्रोसेसरवर वॅटचा एक आकडा असतो. तेवढी वीज तो खातो अन् ढोबळ मानानं तेवढीच उष्णता ओकतो. पासष्टला पंख्याशिवाय जमणार नाही हे कळून चुकलं होतं. पस्तीस वॅटचा एक होता, देखणा. त्यावर वीतभर उंचीचा अॅल्युमिनियमचा ठोकळा बसवायचा, पंखेवाला नव्हे, नुसता पात्यापात्यांचा, ती पाती आपली गुमान उष्णता हवेला देत राहतात. त्याच्यावर माझा जीव जडला होता. मग एक खिशात मावेल एवढा बोर्ड होता, पाच-सात वॅटमधे खूश, पण कोमलचे विंडोजचे प्रोग्राम त्याच्यावर धड चालायचे नाहीत. अन् राहिला इंटेलचा तो एन-१००, सहा वॅटचा. त्याला मी नाकच मुरडत होतो. सहा वॅट म्हणजे झिरोचा बल्ब. बल्बानं काय काम करायचं?

इंटरनेटवर विचारावं तर बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. तिकडचे लोक म्हणतात, पस्तीसवाला पंख्याशिवाय आरामात चालतो. चालत असेल बाबा. तुमची खोली पंचवीस अंशाची. आमच्या चैत्रात टिनाखाली बसून दाखवा.

शेवटी तोड काढली कोमलनं. मी पस्तीसवाल्याचं गुणगान गात होतो अन् ती जुन्या मशीनच्या पडद्याकडे बघत होती.

"जगनभाऊ, हे वर चार टक्के लिहून येऊन राहिलं, ते काय?"

"प्रोसेसर किती काम करून राहिला ते."

"म्हणजे शंभरातलं चार? अन् माझा फॉर्म बी चालू हाय, शेडचं बी चालू हाय?"

"व्हय."

"मग बाकीचे शहाण्णव टक्के आपुन काहून पोसून राहिलो?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा मला नेहमी आधी राग येतो, मग तो उतरतो. दोन वर्षं मी त्या घरात हत्ती बांधून ठेवला होता आणि त्याच्याकडून कोथिंबीर खुडून घेत होतो.

त्या दुपारी दुकानात टेबलावर डोकं टेकून मी झोपलो, तर सपनात शेड दिसली. मांडण्यांवर तुतीचा पाला अन् पाल्यावर अळ्यांच्या जागी प्रोसेसर. पासष्टचा कचाकचा खातोय, पस्तीसचा जरा सभ्यपणानं खातोय, सगळ्या शेडमधे गरम वाफ. अन् एका पानाच्या कोपऱ्यावर नखाएवढा एक गप बसून होता. एवढंस्सं कुरतडत होता, पण थांबत नव्हता. मी वाकून त्याच्याजवळ कान नेला तर काहीच ऐकू येईना, अन् सपनात मला त्याचं फार बरं वाटलं. उठलो अन् एन-१०० मागवून टाकला.

मग एकेक आवाज शोधून मारला. पंखा तर गेलाच. कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्यातही एक चोरटा पंखा असतो, म्हणून तो डबाच काढला, लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर घेतला. जुनी हार्ड डिस्क फिरताना किरकिर करते, तिच्या जागी न फिरणारी बसवली. बाहेरून अॅल्युमिनियमची पेटी, चहूबाजूंनी उभ्या पात्या, कुठं भोक म्हणून नाही, म्हणजे चुना शिरायचा प्रश्न मिटला. सहा वॅटचं डोकं, सगळं मिळून चौदा-पंधरा वॅटच्या वर जाईना. लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर दिवसभर चालेल. दुकानात चालू करून मी पेटीला कान लावून बसलो. शेजारच्या बंटी टेलरनं विचारलं, भाऊ, आत कोणी बोलतंय का? मी म्हटलं, कोणी बोलत नाही म्हणूनच ऐकतोय.

या भानगडीत बॅच आली होती. जुनंच मशीन घुंघुं करत चालू होतं. सासूला आत्याबाई म्हणणारी कोमल मला फोनवर म्हणाली, "मी आत्याबाईंना म्हटलं, पाच मिनिटं मशीन बंद करते, ऐकून बघा. तर न्हाई म्हणल्या. डबा येऊन राहिला ना, मग एकदाच ऐकते म्हणल्या." मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. आज वाटतं, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी माझ्या पेटीच्या नादात होतो, पोराचं बारसं असल्यासारखा.

वैजा सकाळीच मला न्यायला औंढ्याला आला. पाऊसपाणी सरून थंडी पडायला लागली होती, पण तो दिवस आभाळ येऊन उबट झाला होता. वाटेत तो म्हणाला, अळ्या चौथ्या झोपेला उद्या संध्याकाळी बसतील, तोवर मायला दीड दिवस ऐकायला मिळेल. मी पेटी मांडीवर घेऊन मागं बसलो होतो. दुपारी आम्ही पोचलो, हातपाय धुऊन, चपला बदलून शेडमधे गेलो.

मावशीनं नवं लुगडं नेसलेलं होतं. एका कॉम्प्युटरसाठी. बाजेवर सरळ पाठीनं बसली होती, हात मांडीवर.

मी जुनं मशीन बंद केलं. त्याचा पंखा रडत रडत मंदावला अन् थांबला. मग नवी पेटी चालू केली. एक बारीक निळा दिवा लागला, कोमलच्या पडद्यावर शेडचे आकडे उमटले, सगळं चालू होतं अन् कुठं काही वाजत नव्हतं. आम्ही तिघं उभे. दूर रस्त्यावर एसटी गिअर बदलून चढावर लागली ते ऐकू आलं. मग तेही गेलं.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, माझे कान बाजारातले, मशीनं ठोकून बधिर झालेले, मला कुठली झिरमिर ऐकू यायला. मी मावशीकडे पाहत राहिलो. तिनं मान जराशी वर केली होती. हिरवा उजेड तिच्या तोंडावर होता. तिची बोटं लुगड्याचा काठ चाळत होती. मला वाटतं दोन मिनिटं तरी ती तशीच बसली असेल. मग तिचं तोंड सैल झालं.

"येऊन राहिलं," ती म्हणाली. "बराबर येऊन राहिलं रे. लई दिसांनी."

मला काय झालं विचारू नका. मी तापट माणूस, पण पेटीवरून लेकरासारखा हात फिरवला. मी जिंकलो होतो. शंभर टक्के म्हटलं होतं अन् शंभर टक्के निघालं होतं. मी हसून वैजाकडे पाहिलं तर तो हसत नव्हता. तो मांडणीकडे बघत होता. कोमल एक पाऊल पुढं गेली, तिनं एक फांदी उचलल्यासारखी केली, अन् वैजानं तिला हातानं थांबवलं. मला त्यातलं काही कळलं नाही.

मावशी मात्र खुशीत उठली. लोखंडाच्या खांबाला हात लावत रोजच्यासारखी मांडणीपाशी गेली. "पाहू दे, पाला किती उरला," म्हणत तिनं हात फांद्यांमधे घातला.

हात तिथंच थांबला. बोटं जरा इकडं, जरा तिकडं गेली.

"ह्या तर निजल्या की," ती हळू म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उबट हवेनं अळ्या एक दिवस आधीच झोपेला बसल्या होत्या, वैजा मला आणायला गेला तेवढ्यात. माना वर करून, ताठ होऊन, हजारो अळ्या चिडीचूप. खाणं नाही म्हणजे आवाज नाही. शेडमधे ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

"आत्ताच निजल्या असतील माय," वैजा घाईघाईनं म्हणाला. "तू म्हनली तवा खाऊनच राहिल्या व्हत्या. मला बी ऐकू आलं."

"वैजा."

कोमलनं पदर तोंडाला लावला.

"कान गेले माझे," मावशी म्हणाली. "पंखा न्हवताच तो. तुमी समदे उभे राहिले व्हते, इतक्या आशेनं. मला वाटलं, येत असंल ऐकू. येतंयच वाटलं मला." मग तिनं मी जिथं नव्हतो तिकडं तोंड करून म्हटलं, "जगन, तुझा डबा चांगला हाय बरं बाबा. डब्याचा काही दोष न्हाई."

माझ्या त्या शंभर टक्क्यांच्या जोरावर ती बाई नवं लुगडं नेसून बसली होती. आवाज राहिला असता तर निदान दोष द्यायला एक पंखा तरी राहिला असता. तो मी मेहनतीनं, एकेक करून, काढून टाकला होता.

वैजा बाहेर गेला. डोळे पुसायला गेला असेल, पण परत आला तो चुन्याचं घमेलं घेऊन. अळ्या निजल्या की पाला बंद करायचा अन् वरून चुना भुरभुरायचा, म्हणजे उरलेला पाला वाळतो आणि सगळ्या एकदम उठतात. दुःख असलं तरी अळ्यांना त्याचं काय. तो नाक ओढत मावशीच्या शेजारी उभा राहिला अन् त्यानं चुन्याची मूठ भरली. मावशीचा हात अजून फांद्यांमधेच होता.

"थांब," ती म्हणाली.

तो थांबला.

"इथं जाग्या हायेत." तिचा हात पाल्याखाली सरकत गेला. "ह्या दोन. हिकडं बी. बोटावर चढून राहिल्या की रे, गार लागतंय. आत्ता चुना टाकला तर ह्या उपाशी निजतील, अन् निम्म्या उठणारच न्हाईत."

वैजानं वाकून पाहिलं. मीही पाहिलं. वरून सगळ्या सारख्याच दिसत होत्या, ताठ, माना वर करून निजलेल्या. जाग्या होत्या त्या पाल्याच्या पोटात.

"किती असतील माय?" त्यानं विचारलं. या वेळी तो तिचं मन राखायला विचारत नव्हता, मला त्याचा आवाज ओळखू येतो.

"असं कसं सांगू? हात लावू दे समद्यांना." ती पुढच्या मांडणीकडे वळली, बोटांनी फांद्या हलकेच वर करत. "ही निजली. ही निजली. ही जागी. कोमल, तू मोज गं."

"मोजते आत्याबाई."

वरच्या मांडणीपर्यंत तिचा हात पोचेना. ती टाचा उंचावून पाहत होती. वैजनाथनं चुन्याचं घमेलं खाली ठेवलं अन् स्टूल आणायला घरात पळाला.